खोक्याच्या पाठीवरची रेघ

खिळ्याला सुताचं एक टोक अडकलं होतं. बोटभर लांब, मळकं, खाली येताना पीळ सुटलेलं. कुणीतरी कधीतरी तिथं चित्र टांगलं असेल, मग घाईत ओढून काढलं असेल. चित्र गेलं आणि एवढं टोक मागं राहिलं. पंख्याचा वारा फिरत फिरत इकडं आला की ते हलायचं, वारा पुढं सरकला की पुन्हा भिंतीला टेकायचं. सावळारामला सांगितलं होतं, काका, नजर त्या खिळ्यावर ठेवा, नजर हलली की मान हलते आणि मान हलली की सगळ्यांची चित्रं बिघडतात. पण खिळ्यावर नजर ठेवायची म्हणजे त्या सुतावर ठेवायची, आणि सुतावर नजर गेली की डोकं जुन्या वाटेला लागायचं — निव्वळ कापूस नाही, पॉलिस्टर मिसळलंय... उभ्या ताण्यातलं नसावं, एवढा सैल पीळ तिथं टिकत नाही, आडवं जाणारं असेल... आणि मग तिथून पुढं कुठंही.

बसून राहणं हेही काम असतं, हे त्याला साठी उलटल्यावर कळलं. सगळी उमर लूमसमोर उभ्यानं गेली. दोन लूमच्या मधल्या बोळात, एक डोळा ह्या कापडावर, एक त्या. आता भिवंडीतल्याच ह्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर त्याला खुर्चीत बसवतात आणि पोरं-पोरी भोवती घोडे मांडून त्याच्याकडं बघतात. घोडे म्हणजे लाकडी तिकाटणी, त्यांच्यावर कागद लावलेला. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटली होती. एवढं कुणी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरनंही नाही, डॉक्टर कागद बघतो. नंतर सवय झाली. आता तर कोण नुसतं बघतंय आणि कोण खरंच बघतंय, हे त्याला कातडीवर कळायचं.

आज मात्र नजर खिळ्यावर ठरत नव्हती. शर्टाच्या खिशात औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता आणि त्याची कड श्वासागणिक छातीला टोचत होती. दुपारच्या सुट्टीत सरांना दाखवायचा. संध्याकाळी घरी गेलं की दीपेश विचारणार, बाबा, मग काय ठरलं... आणि त्याला एकच शब्द सांगायचा. हो, नाही तर न्हाय. उद्या सकाळी गाडी यायची आहे.

"काका, खांदा. जरासा खाली."

हे समोरच्या घोड्यामागच्या विपुलनं म्हटलं. ऐकू आलं नाही, दिसलं. लूमनं कान नेले त्याला बरीच वर्षं झाली. आता जग त्याच्याकडं गोधडीतून आल्यासारखं येतं, नुसतं जड जड. पण लूमवरच्या माणसाला ओठ वाचता येतात. त्या खडखडाटात दुसरा इलाज नसतो. त्यानं खांदा खाली घेतला. विपुलनं अंगठा दाखवला आणि पुन्हा कागदात तोंड घातलं.

ओठ वाचता येतात. पण ज्या ओठांतून काही येतच नाही, ते कसे वाचायचे?

रंगूबाई, त्याची बायको, मागल्या दिवाळीनंतर पडली. पाण्याचा हंडा उचलायला वाकली आणि तशीच बाजूला कलली, जणू कुणी मागून पदर ओढला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तोंड एका बाजूला उतरलं आणि एक डोळा जरा बाहेरच्या बाजूला वळून बसला. उरला डावा हात. फिजिओवाल्या बाईनं सांगितलं, हाताला चाळा द्या. म्हणून सुनेनं, मनिषानं, तिच्या डाव्या हातात पेन दिलं आणि औषधाचं रिकामं खोकं उकलून त्याची पांढरी पाठ पुढ्यात ठेवली. दोन दिवस नुसते ठिपके पडले. मग रेघ आली.

एक तिरकी रेघ वर चढायची, वर जाऊन वळायची आणि खाली यायची. त्या उताराखाली आखूड आखूड चार रेघा, लोंबल्यासारख्या. आणि चढाच्या पायथ्याला एक गोल. बस्. रोज तेच. खोकं बदललं तरी तेच. औषधं संपत होती आणि खोकी भरत होती.

सावळारामनं ते बघितलं आणि आधी नळ उघडला. खाली लोंबणाऱ्या रेघा म्हणजे पाणी, नाही का? तांब्याभर पाणी आणून तिच्या तोंडाशी लावलं. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्याला ती फणी वाटली, म्हणून फणी आणली, तिचे केस विंचरले; उभ्या जन्मात कधी विंचरले नव्हते. मग पाखडायचं सूप. मग छत्री, ऊन रणरणत असताना. मनिषा हसू दाबून म्हणाली होती, "बाबा, आता खाली रिक्षा पण उभी करा, तीच राहिलीय." रंगूबाई प्रत्येक वस्तूकडं बघायची, डोळे मिटायची. उघडले की पुन्हा तीच रेघ, तेच वळण.

जिनं कधी काही मागितलं नाही... साडीसुद्धा नाही, जत्रेत पाळणासुद्धा नाही, वज्रेश्वरीला गेलो तर बाकीच्या बायका बांगड्यांच्या दुकानात आणि ही कुंडाच्या कडेला पाय सोडून बसलेली, काय पायजे म्हटलं तर म्हणायची काय नको... ती आता दिवसातून दहादा काहीतरी मागते आहे आणि मला ते कळत नाही. एवढंच मागणं आणि तेवढंही मला कळत नाही.

वारा आला. सूत हललं.

आणि मग परवा दीपेश ड्युटीवरून आला. गोदामात दिवसभर खोकी चढवून-उतरवून आलेला माणूस, त्यानं घरातलं हे खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "बाबा, तुमी पण ना. ह्यात काय हाय एवढं? हा डोंगर. ह्या खाली रेघा, ही भाताची लावणी. आन् हा सूर्य. लहान पोर पण सांगंल."

"सूर्य खाली कसा?"

"उगवतोय. म्हणून खाली." दीपेशनं त्याच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हटलं, "आईला माहेरी जायचंय, बाबा."

रंगूबाईचं माहेर वज्रेश्वरीच्या पलीकडं, खरंच डोंगराच्या पायथ्याशी. तिथं तिचा भाऊ देवू आहे, त्याचं घर मोठं आहे, ओटी आहे, हवा आहे. इथं कामतघरच्या चाळीत एक खोली, खालच्या मजल्यावर लूम, दीपेशच्या शिफ्ट, मनिषाचं दिवसभर शिवणयंत्र, आणि म्हातारीला कूस बदलायची तर दोन माणसं लागतात. देवूमामा न्यायला तयार होता. त्यानं आधीही म्हटलं होतं. पण तेव्हा ते आपण तिला धाडून देणं झालं असतं. आता तसं नव्हतं. आता तीच मागत होती.

तिलाही विचारलं. दीपेश खाटेशी वाकून म्हणाला, "आई, मामाकडं जायचं?" तिनं मान हलवली, हो. मनिषा म्हणाली, "की न्हाय जायचं?" तिनं तशीच मान हलवली, हो. मनिषानं तोंड फिरवलं आणि कणीक मळायला घेतली.

त्या रात्री मला गाढ झोप लागली... सावळारामला खुर्चीतल्या खुर्चीत हे आठवलं. किती महिन्यांनी लागली होती अशी झोप. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तशी. सकाळी उठून तोंड धुताना त्याच्या ध्यानात आलं, की त्याला डोंगर दिसायला लागलाय. नळ नाही, फणी नाही, सूप नाही. आता कुठूनही बघितलं तरी डोंगरच. आणि म्हणूनच तो डोंगर त्याला खरा वाटेना. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या वतीनं आपण हो म्हणायचं... आणि वर तिच्याच रेघेचा दाखला द्यायचा.

म्हणून आज पुठ्ठा खिशात. इथं चित्रं शिकवतात. इथं वाचता येत असतील.

त्याला स्वतःला अक्षरं उशिरा आली. पन्नाशीच्या आसपास, कामतघरच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा तेव्हा. मग बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, औषधावरची नावं, सगळं एकेक करून बोलायला लागलं. त्या भरात त्यानं रंगूबाईलाही शिकवायला घेतलं होतं. ती पाटीकडं बघून हसायची. "अवो, ही अक्षरं हायत का? ही बघा, ही कमरंवर हात ठेवून भांडतीय. आन् ही पोराला पाठीशी घेऊन चाललीय." त्याला राग आला होता. शिकायचं नाही तर सोड, म्हणाला होता, आणि पाटी वर माळ्यावर टाकली. त्याला वाटायचं, एका अक्षराचा एकच आवाज. तिला त्यात माणसं दिसत होती. कोण चुकत होतं?

घंटा झाली असावी. पोरांनी हात खाली घेतले. शैलेश सर मधे येऊन उभे राहिले. पन्नाशीला आलेला, बारीक अंगाचा माणूस, बोटांना कायम रंग. सर त्याच्याशी बोलताना नेहमी समोर येऊन, ओठ दिसतील असे बोलत, ही त्यांची माया. "काका, पाय मोकळे करा. चहा घ्या. आम्ही आता चित्रांशी बोलतो."

हा त्यांचा रिवाज त्याला माहीत झाला होता. महिन्यातून एकदा सगळी चित्रं भिंतीला ओळीनं लावायची, आणि ज्यानं काढलं त्यानं गप्प राहायचं. चित्र काय बोलतंय ते बाकीच्यांनी सांगायचं. सर म्हणत, बघणाऱ्यापर्यंत पोचलं नाही तर ते तुमच्या पोटातच राहिलं. सावळाराम चहाचा कप घेऊन ओळीपुढून चालला. भिंतीवर तोच होता. इतके सावळाराम, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. एक झोपाळू, एक संतापलेला, एक तर मिशा वळवलेला पाटीलच.

"काका, मिशीला मी जरा भाव दिलाय," विपुल कानाशी ओरडला आणि मग ध्यानात येऊन समोर आला. "लग्नाला उभे राहा परत. पत्रिकेवर हाच फोटो टाकू."

"पोरगी तू बघ. मला आता कोन बघतंय," सावळाराम म्हणाला आणि पोरं हसली.

मग ती बोलायला लागली. तो कप हातात धरून ओठ वाचत राहिला. एक पोरगी म्हणाली, एकटेपणा. एक पोरगा म्हणाला, कष्ट, रेषा जाड आहेत म्हणून कष्ट. आणि तिसऱ्या चित्राशी कुणीतरी म्हणालं — मोठा शब्द, ओठ पुन्हा पुन्हा उघडायला लावणारा — समाधान. ह्या चेहऱ्यावर समाधान आहे, सर, आयुष्य नीट पार पाडलेल्या माणसाचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सावळारामनं त्या चित्राकडं बघितलं. खरंच तसाच दिसत होता. गालाखाली सावली, डोळे खिळ्यावर. त्या वेळी मी काय विचार करत होतो? बायकोला टेम्पोत बसवताना गादी आधी घालायची की मागनं... हाच. आणि ह्यांना समाधान दिसलं. चूक त्यांची नव्हती. त्यांनी नीट बघितलं होतं.

कपातला चहा निवला. त्याला वाटलं पुठ्ठा दाखवूच नये. पण सरांचं लक्ष गेलंच, खिशाकडं जाणाऱ्या हाताकडं.

"काय काका?"

"घरच्यांनी काढलंय," तो म्हणाला आणि पुठ्ठा पुढं केला. "अंगावरनं वारं गेलंय तिच्या. बोलता येत न्हाय. काय म्हनती ते सांगा."

सर तो घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. चष्मा वर केला, खाली केला. पोरंही मागं जमली. सर मग वळले. "रेषा फार चांगली आहे काका. हात थरथरतोय, पण रेषा भरकटत नाही. हे वळण बघा, किती विचार करून घेतलंय."

"रोज तितंच वळतं."

"रोज? म्हणजे त्यांना नक्की काहीतरी दिसतंय."

"पोरगा म्हनतो डोंगर हाय. तिचं माहेर."

"डोंगर..." सरांनी पुठ्ठा लांब धरला. "असेल. डोंगर म्हणता येईल. चढ आहे, उतार आहे."

"मंग उद्या धाडू तिला?"

सरांच्या कपाळावर आठी आली. "कुठं धाडताय?"

त्यानं सांगितलं. देवू, गाडी, सकाळ. सांगताना आपला आवाज फार मोठा होतोय असं त्याला पोरांच्या चेहऱ्यांवरून कळलं. सरांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला होता, तो हळूच त्याच्या हातात परत दिला, गरम भांडं द्यावं तसा. "नाही, नाही काका. माझ्या बोलण्यावर असं काही ठरवू नका. मी इथं... आम्ही इथं चित्रावर बोलतो. म्हणजे..." पुढचं ओठांतच राहिलं. भला माणूस होता. एरवी तासभर बोलला असता.

पोरं पांगली. विपुलनंही काही चेष्टा केली नाही.

खुर्चीकडं परत जाताना ओळीच्या शेवटाला एक चित्र राहिलं होतं. रूपाचं. रूपा नारपोलीची, बाप अजून लूमवर. बोलायची कमी, पण सावळारामशी हातांनी बोलायची. लूमवाल्यांची हातांची बोली असते. खडखडाटात ती आपोआप तयार होते आणि पोरांना घरी बापाकडून मिळते. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की सूत तुटलं. अंगठा ओठाला, पाणी पाहिजे. तळहात खाली दाबला की बंद कर. पोटावरून मोठा गोल फिरवला की शेठ आला, पळ. आत्ताही तिनं लांबून दोन बोटं हलवली, भुवया उंचावून. सूत तुटलं?

त्याला हसू आलं आणि तिथंच थांबलं. दोन बोटं, अंगठा, तळहात... आण, दे, बंद कर, बघ, पळ. सगळी बोली नुसती मागण्यांची. एकानं हात हलवायचा आणि दुसऱ्यानं धावायचं. उमरभर तीच बोललो. त्या बोलीत कसा आहेस नव्हतं. मी इथं आहे, नव्हतं. कुणी हात हलवला आणि काही आणायचं नाही, काही बंद करायचं नाही, असं कधी झालंच नाही... म्हणून तर तिचं पेन हललं की मी उठलो. नळ. फणी. छत्री.

आणि तेव्हा त्यानं रूपाच्या चित्राकडं बघितलं.

तिनं तोंड काढलंच नव्हतं. सगळ्या कागदावर एकच हात. गुडघ्यावर टाकलेला उजवा हात. मनगटापासून पंजाची पाठ तिरकी वर चढलेली, बोटांच्या मुळाशी उंच होऊन वळलेली, आणि तिथून गुडघ्यावरून खाली सोडलेली चार बोटं. आणि मनगटाच्या बाजूला गाठ. धोटा उडून बसला होता तिथं, तरुणपणी. सुताची कांडी पोटात घेऊन कापडातून पळणारा तो लाकडी धोटा, सुटला की दगड. रंगूबाईनं आंबेहळद उगाळून लावली होती, महिनाभर. सूज गेली, गाठ राहिली. भिंतीवरच्या कुठल्याच सावळारामला ती नव्हती. रूपानं काढली होती. गोल.

चढ. वळण. चार रेघा. गोल.

पुठ्ठा त्यानं खिशातून काढला की तो आपोआप हातात आला, त्याला कळलं नाही. चित्राशेजारी धरला. रूपानं दुसरी कड धरली. तिनंही बघितलं. मग त्याच्यासमोर आली.

"काका, आजी काढतात तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"तितंच. खाटंच्या बाजूला. स्टुलावर."

"असेच बसता?"

"कसं बसतो ते मला काय ठावं."

"आणि त्या कुठं बघतात, काढताना?"

सावळारामनं तोंड उघडलं. इतके महिने झाले, इतकी खोकी झाली. पेन हललं की त्याची नजर पेनावर जायची, पेनाखाली काय येतंय त्यावर. तिच्या डोळ्यांकडं त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

"डोंगर पण असेल," रूपा घाईनं म्हणाली, त्याच्या चेहऱ्यावर काय बघून कुणास ठाऊक. "मला हात दिसतो, कारण मी सकाळपासून हातच काढलाय. बाकी काही नाही."

दुपारनंतर त्याला पुन्हा बसवलं. तो बसला, आणि हात गुडघ्यावर आपोआप गेला तसा त्यानं तो उचलला, पुन्हा ठेवला, पण तो आता पहिल्यासारखा पडेना. विपुल मान हलवत राहिला. काका, हात असा नव्हता. कसा होता? असा... नाही, असा. शेवटी सर म्हणाले राहू दे.

घरी जाताना त्यानं शेअर रिक्षा सोडून दिली आणि चालत निघाला. रस्त्यावर कापडाचे तागे लादलेले टेम्पो एकाला एक लागून उभे होते, कुणीतरी कुणाला तरी हात करून शिव्या देत होतं. पुठ्ठा खिशात. पाय चालत होते आणि डोकं दोन्हीकडून ओढलं जात होतं. हातच आहे, दुसरं काय. गाठ कुणाला माहीत असणार तिच्याशिवाय? आणि लगेच... अरे, तुला पटतंय कारण त्यात तू आहेस. दीपेशला डोंगर पटला कारण त्याला घर मोकळं पाहिजे. तुला हात पटला कारण तुला वाटतं, म्हातारी उमरभर तुझ्यासाठी राबली आणि आता उरलेल्या अर्ध्या अंगानं तुझंच चित्र काढत बसलीय. वा. आणि ती बिचारी डोंगर डोंगर करत असेल तर? माहेरच्या हवेला, भावाला एकदा बघायला तडफडत असेल, आणि मी तिला ह्या खोलीत बांधून ठेवणार, लूमच्या डोक्यावर, कारण मला माझा हात दिसला?

दोन्ही डोळ्यांपुढं राहिलं. डोंगर बघावा तर हात दिसे, हात बघावा तर डोंगर.

चाळीच्या जिन्यातच पायांना लूमची थरथर लागली. आवाज गेला तरी ती अजून त्याला कळायची, तळव्यांतून. खोलीत मनिषा भाकरी थापत होती. दीपेश दारातच उभा, हातात मोबाइल.

"बाबा, गाडीवाला इचारतोय. लवकर निघायचं बोलतो. हो सांगू ना?"

त्यानं तळहात दाखवला, थांब. आत गेला. स्टूल खाटेजवळ ओढलं. रंगूबाई उशीला टेकून होती, कुणीतरी तिचे केस विंचरले होते. मनिषानंच. त्यानं कोनाड्यातलं एक खोकं उकललं, पांढरी बाजू वर करून तिच्या मांडीवर ठेवलं, पेन डाव्या हातात दिलं. आणि स्टुलावर बसला.

हात गुडघ्यावर टाकला. कसा ठेवायचा ते ठरवलं नाही.

इथं खिळा नव्हता. नजर कुठं ठेवायची ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ती तिच्या डोळ्यांवर ठेवली. आणि त्याला फार अवघड गेलं. एका खोलीत एवढी वर्षं राहिलेल्या माणसांना एकमेकांकडं बघायला जागा मिळत नाही. कुणीतरी भाकरी देत असतं, कुणीतरी घेत असतं. आता मधे काही नव्हतं. एक डोळा जागच्या जागी, पाणावलेला, काळाभोर. दुसरा बाहेरच्या बाजूला वळलेला.

पेन हललं. ते कळलं, कारण तिच्या खांद्यावरचा पदर हलला. त्यानं खाली बघितलं नाही. मान ताठ झाली, दात आवळले गेले, पण नजर हलू दिली नाही. ती कागदाकडं बघायची, मग डोळे वर यायचे. वर यायचे ते कुठं? एक डोळा त्याच्या गुडघ्याशी थांबल्यासारखा वाटायचा. दुसरा त्याला ओलांडून उघड्या दाराकडं, जिथं सांजेचा उजेड होता आणि जिकडं, मधली सगळी गोदामं आणि गावं काढून टाकली तर, डोंगर होता. दोन्ही तिचेच. कुठला बघत होता?

डोळे खाली गेले. पुन्हा वर आले.

मी आणायला शिकलो, त्याला वाटलं. द्यायला शिकलो. हे कसं करायचं? कुणी बघत असताना नुसतं असायचं, काही न आणता... पोरांपुढं जमतं, कारण ती आपली कुणी नव्हेत. हिच्यापुढं गाठ दुखायला लागली होती, इतक्या वर्षांनी, जणू आंबेहळदीचा लेप वाळून ओढतोय. ही काय काय बघते आहे? हात बघते आहे, की ह्या हातानं माळ्यावर टाकलेली पाटी? त्याला भीती वाटली, आणि उठून जावंसं मात्र वाटलं नाही.

दाराच्या उजेडात दीपेश येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले, सावकाश, ठळक. "बाबा? हो का न्हाय?"

हातांच्या बोलीत होला खूण होती आणि न्हायला पण होती. एक बोट उचललं तरी पुरलं असतं. पण हात गुडघ्यावर होता, आणि रेघ कदाचित अजून चढावर असेल, वळणाशी आली असेल. आता हलला तर बिघडेल.

तळव्यांखाली लूम थरथरत होते. दीपेश वाट बघत होता. रंगूबाईचे डोळे पुन्हा वर आले, आणि सावळाराम, कुणाला काहीच न सांगता, तिच्यापुढं तसाच बसून राहिला.